आधी घड्याळं जुळवा, मग नावं बदला: तालमीच्या फोटो-व्हिडिओंची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका तालमीकडे २०१६ पासूनच्या गणेशोत्सवाचे, शिवजयंतीचे आणि कुस्त्यांचे फोटो-व्हिडिओ दोन हार्ड डिस्कवर साठले आहेत. चाळीस हजारांच्या आसपास फाईल, तीन-चार कॅमेरे, एक ड्रोन, कार्यकर्त्यांचे फोन आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवून घेतलेला माल. ‘आयएमजी_०००१’ नावाच्याच अकरा फाईल आहेत. एकदा एका सॉफ्टवेअरने तारखेवरून सगळ्यांची नावं एकदम बदलून पाहिली, तर रात्रीचे व्हिडिओ संध्याकाळच्या फोटोंत जाऊन बसले आणि काही मिरवणुका भलत्याच महिन्यात गेल्या. आता हे सगळं काळाच्या क्रमाने नीट कसं लावायचं?

नाव बदलणं हे यातलं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत शेवटचं काम आहे. फाईलच्या पोटातली तारीख हा त्या यंत्राच्या घड्याळाचा जबाब असतो, आणि प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं. तुमच्या सॉफ्टवेअरने सगळ्यांचे जबाब एकाच मापाने खरे धरले, म्हणून घोळ झाला. आधी प्रत्येक कॅमेऱ्याचं, प्रत्येक फोनचं घड्याळ किती पुढे, किती मागे आणि कुठल्या देशाच्या वेळेवर आहे ते ठरवायचं, ते दुरुस्त करायचं आणि मगच नावाला हात लावायचा. चाळीस हजार फाईल असल्या तरी स्रोत पंधरा-वीसच असतील. काम पंधरा-वीस घड्याळांचं आहे, चाळीस हजार फाईलींचं नाही.

सुरुवात करण्याआधी दोन्ही डिस्क जशाच्या तशा तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. ती तिसरी डिस्क बाजूला ठेवा आणि काम संपेपर्यंत तिच्यावर काहीही लिहू नका. ‘कट-पेस्ट’ कुठेही करायचं नाही, फक्त कॉपी. मागच्या वेळी नावं बदललेल्या फाईल असतील आणि मूळ कार्डांची प्रत कुणाकडे शिल्लक असेल, तर ती आधी मिळवा. जुन्या नावातही माहिती असते.

तारखा किती प्रकारच्या असतात

एका फोटोला किमान पाच तारखा चिकटलेल्या असतात आणि त्यातली एकच आपल्या कामाची असते. कॅमेरा फोटोच्या फाईलमध्येच जी माहिती लिहून ठेवतो ती एक्झिफ, आणि तिच्यातली प्रत्येक नोंद म्हणजे टॅग. एक्झिफमध्ये ‘डेटटाइमओरिजिनल’ म्हणजे शटर पडल्याची वेळ. ‘क्रिएटडेट’ म्हणजे ते चित्र डिजिटल झाल्याची वेळ. कॅमेऱ्यात या दोन्ही सारख्याच येतात, स्कॅनरमध्ये येत नाहीत. ‘मॉडिफायडेट’ ही सॉफ्टवेअरने शेवटचा हात लावला तेव्हाची. उरलेल्या दोन तारखा फाईलच्या पोटात नसतात, डिस्कच्या नोंदवहीत असतात. विंडोजमध्ये दिसणारी ‘डेट क्रिएटेड’ म्हणजे ही फाईल या डिस्कवर कधी आली ती तारीख. म्हणून नव्या डिस्कवर कॉपी केली की ती ‘डेट मॉडिफाइड’पेक्षाही नवी दिसते. बऱ्याच लोकांना हा चमत्कार वाटतो, पण तो कॉपीचा दिवस आहे, एवढंच. फोटोसाठी ‘डेटटाइमओरिजिनल’वर चाला आणि डिस्कवरच्या तारखा फक्त साक्षीदार म्हणून वापरा.

एक्झिफची जुनी अडचण अशी की त्यात तारीख आणि वेळ लिहिली जाते, पण ती कुठल्या टाइमझोनची हे सांगायला पूर्वी जागाच नव्हती. ‘ऑफसेटटाइमओरिजिनल’ ही जागा २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. अलीकडचे फोन तिथे +०५:३० लिहितात. जुन्या कॅमेऱ्यांत ती रिकामी असते. म्हणजे कॅमेऱ्यात जे घड्याळ लावलं असेल ते, बरोबर असो वा चूक, आहे तसं छापलं जातं.

व्हिडिओचं शास्त्र वेगळं आहे, आणि तुमचा खरा घोळ इथेच आहे. एमपी४ आणि एमओव्ही फाईलमध्ये वेळ ही १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत साठवतात आणि नियमाप्रमाणे ती यूटीसी, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत असायला हवी. फोन हा नियम पाळतात. अनेक स्थिरचित्र कॅमेरे पाळत नाहीत, ते आपली स्थानिक वेळच तिथे टाकून मोकळे होतात. दोन्हींची फाईल वरून सारखीच दिसते. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे १७ सप्टेंबर २०२४ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री ११:२० ला महाद्वार रोडवर फोनने घेतलेला व्हिडिओ पोटात १७:५० अशी वेळ घेऊन येतो आणि नाव बदलताना थेट संध्याकाळी पावणेसहाच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. पहाटे दोनचा व्हिडिओ तर आदल्या दिवसात जातो. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातली प्रत्येक फोन-क्लिप अशी एक दिवस मागे पडते.

एक फाईल जवळून बघा. नाव आहे ‘व्हीआयडी_२०२४०९१७_२३२०१४’. फोनने नाव स्थानिक वेळेने दिलंय: २३:२०:१४. पोटातली क्रिएटडेट वाचली तर ती निघते १७:५१:४६. साडेपाच तास मिळवले तर २३:२१:४६. म्हणजे यूटीसी हे नक्की, पण तरी ९२ सेकंद जास्त का? क्लिपची लांबी बघा: १ मिनिट ३२ सेकंद. हा फोन रेकॉर्डिंग संपल्याची वेळ लिहितो, सुरू झाल्याची नाही. काही अँड्रॉइड फोनांची ही सवय आहे. दीड मिनिटाने फार बिघडत नाही, पण वीस मिनिटांची ढोल-ताशाची सलग क्लिप असेल तर ती त्या वेळातल्या सगळ्या फोटोंच्या मागे जाते. अशा फोनसाठी नावातली वेळच घ्यावी.

आणि नावावरही डोळे झाकून विश्वास नको. पिक्सेल फोनच्या ‘पीएक्सएल’ने सुरू होणाऱ्या नावांतली वेळ यूटीसी असते. तिथे पोटातला फोटो-टॅग बरोबर आणि नाव साडेपाच तास मागे, असा उलटा प्रकार होतो. आयफोनच्या एमओव्हीमध्ये ‘क्रिएशनडेट’ नावाचा आणखी एक टॅग असतो, त्यात स्थानिक वेळ आणि +०५:३० दोन्ही लिहिलेलं असतं. आयफोनसाठी तोच घ्या.

कॅमेऱ्याचा व्हिडिओ यूटीसी आहे की स्थानिक, हे ओळखायची सोपी खूण: विंडोज एक्सप्लोररमध्ये ‘मीडिया क्रिएटेड’ हा रकाना लावा. विंडोज ती वेळ यूटीसी समजून त्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं. सकाळी दहाला घेतलेली क्लिप तिथे दुपारी साडेतीनची दिसली, तर तो कॅमेरा स्थानिक वेळ लिहितो. अशी एकच माहीत असलेली क्लिप प्रत्येक यंत्रासाठी तपासली की पुरते.

साधन कोणतं

या कामाला एक्झिफटूल वापरा. फिल हार्वे यांनी लिहिलेलं हे मोफत साधन २००३ पासून आहे आणि इतर कित्येक सॉफ्टवेअर आतून तेच चालवतात. विंडोजवर झिप उघडली की मुख्य फाईलच्या नावात कंसात ‘उणे के’ असतं. ते काढून साधं नाव द्या आणि सोबतचं ‘एक्झिफटूल_फाईल्स’ फोल्डर तिच्या शेजारीच ठेवा. फोल्डर मागे राहिलं तर साधन सुरूच होत नाही. ज्यांना कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या नाहीत त्यांच्यासाठी डिजिकॅम मोफत आहे आणि नाव बदलायला चांगलं आहे. पण घड्याळ सरकवणं, टाइमझोन, चाळीस हजारांची यादी काढणं याला एक्झिफटूलला तोड नाही. मी म्हणेन दोन दिवस घालवा आणि तेच शिका.

एक सूचना मराठी माणसासाठी खास. कामाच्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा. विंडोजवर ‘विसर्जन’ नावाच्या फोल्डरवर एक्झिफटूल चालवलं की ‘फाईल सापडली नाही’ असा निरोप येऊ शकतो, कारण नावाची लिपी त्याला वेगळी सांगावी लागते. त्यासाठी कॅरसेटचा पर्याय आहे, त्यात फाइलनेमसाठी यूटीएफ-८ लिहायचं. पण फोल्डरच इंग्रजीत असेल तर ही कटकटच नको. मराठी मजकूर फोटोच्या आत, शीर्षक आणि वर्णनाच्या टॅगमध्ये लिहा. तिथे तो सुरक्षित राहतो आणि शोधताही येतो. या लेखात फाईलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत समजायची.

आधी वर्गवारी स्रोताप्रमाणे करा, वर्षाप्रमाणे नाही. एक्झिफटूलने सगळ्या डिस्कची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाईल) यादी काढा: फाइलनेम, डिरेक्टरी, मॉडेल, सीरियलनंबर, डेटटाइमओरिजिनल, ऑफसेटटाइमओरिजिनल, क्रिएटडेट, क्रिएशनडेट, ड्युरेशन, फाइलमॉडिफायडेट. ती एक्सेलमध्ये उघडून मॉडेलप्रमाणे लावली की कुठल्या यंत्राच्या किती फाईल आहेत ते कळतं. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असतील, आणि मंडळांकडे बहुतेक वेळा असतातच, तर सीरियलनंबरवरून वेगळे करा. ज्यांचं मॉडेलच रिकामं आहे त्या बहुतेक व्हॉट्सॲपच्या, एडिट करून काढलेल्या किंवा स्क्रीनशॉट. प्रत्येक यंत्राचं एक फोल्डर करा.

हुबेहूब दुहेरी फाईल याच टप्प्यावर काढा, पुढे नाही. दोन फाईलींचा हॅश (मजकुरावरून काढलेला फाईलीचा ठसा) एकसारखा असेल तर त्या बिटाबिटाने सारख्या. एकदा का तुम्ही एकीच्या टॅगमध्ये तारीख सुधारली की हॅश बदलतो आणि जुळी भावंडं ओळखू येत नाहीत. मूळ फोटो आणि त्याची व्हॉट्सॲपवरून आलेली लहान प्रत यांचा हॅश कधीच जुळत नाही. ती जोडी शोधायला डिजिकॅमचा ‘मिळतीजुळती चित्रं’ शोध वापरावा लागतो.

घड्याळ जुळवणं

आता गाभ्याचं काम. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी असा एक क्षण शोधा जो फोनच्या फोटोतही सापडतो. फोनचं घड्याळ नेटवर्कवरून लागतं, म्हणून तो आपला पंच. मिरवणुकीत असे क्षण भरपूर मिळतात: पेपर ब्लास्ट उडाला तो क्षण, आरतीचं ताट वर गेलं तो, पालखी उचलली तो. समजा पापाच्या तिकटीवर उडालेला पेपर ब्लास्ट फोनमध्ये २०:४०:५५ ला आहे. पहिल्या कॅमेऱ्यात २०:४१:०७ आणि दुसऱ्यात २०:५३:१९. पहिला १२ सेकंद पुढे, दुसरा १२ मिनिटं २४ सेकंद पुढे. पहिल्याच्या सगळ्या तारखांतून १२ सेकंद वजा करायचे, दुसऱ्याच्यातून १२ मिनिटं २४ सेकंद. एक्झिफटूलमध्ये ‘ऑलडेट्स’ हा शब्द तिन्ही तारखा एकदम सरकवतो. पुढे ‘वजा-बरोबर’ किंवा ‘अधिक-बरोबर’ लिहून वर्ष:महिना:दिवस, मग मोकळी जागा आणि तास:मिनिट:सेकंद अशा क्रमाने फरक द्यायचा.

जुळणी एकदाच करून थांबू नका. मिरवणुकीच्या सुरुवातीचा एक क्षण आणि शेवटचा एक क्षण, दोन्हीकडे फरक तोच येतो का बघा. मध्येच कुणीतरी घड्याळ ‘बरोबर’ केलेलं असतं. तसं असेल तर त्या क्षणाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो वेगळे काढून दोन वेगळे फरक द्यावे लागतात. वेगवेगळ्या वर्षांना तर एकच फरक लावूच नका. कॅमेऱ्याचं घड्याळ हळूहळू सरकत राहतं, आणि बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर आतली छोटी बॅटरीही उतरते व घड्याळ पुन्हा पहिल्या तारखेवर जातं. २०१५ च्या १ जानेवारीला तालमीची मिरवणूक दिसली तर कारण तेच.

फरकाचा आकडाच पुष्कळदा कारण सांगतो. बरोबर १२ तास म्हणजे घड्याळ लावताना एएम-पीएम चुकलं. बरोबर दीड तास मागे म्हणजे कॅमेरा दुबईहून आलाय आणि तिथल्याच वेळेवर चालतोय. साडेतीन तास पुढे म्हणजे जपानची वेळ. साडेपाच तास मागे म्हणजे यूटीसी. बरोबर एक वर्ष म्हणजे वर्षाचा आकडा चुकला. असा ‘गोल’ फरक सापडला की तो पूर्ण कार्डाला बिनधास्त लावता येतो. ७ तास ४३ मिनिटं असला विचित्र फरक आला तर मात्र दुसरा पुरावा शोधल्याशिवाय हात लावू नका.

दिवस तपासायला आपल्याकडे पंचांग आहे. अनंत चतुर्दशी २०१६ ला १५ सप्टेंबर, २०१७ ला ५ सप्टेंबर, २०१८ ला २३ सप्टेंबर, २०१९ ला १२ सप्टेंबर, २०२२ ला ९ सप्टेंबर, २०२३ ला २८ सप्टेंबर, २०२४ ला १७ सप्टेंबर आणि २०२५ ला ६ सप्टेंबर होती. तिथी दरवर्षी सरकते हाच इथे फायदा. विसर्जनाचा फोटो २०१८ मध्ये ५ सप्टेंबर दाखवत असेल तर एकतर वर्ष चुकलंय किंवा घड्याळ. शिवजयंती तारखेची की तिथीची हेही फोल्डर ठरवताना लक्षात ठेवा, नाहीतर १९ फेब्रुवारीत न सापडणारे फोटो ‘चुकीचे’ समजून सरकवाल.

जीपीएस असलेल्या बऱ्याच फोटोंत ‘जीपीएसटाइमस्टॅम्प’ असतो, तो उपग्रहावरून येतो आणि यूटीसी असतो. तो असेल तर घड्याळ तपासायला फार उपयोगी. त्यात साडेपाच तास मिळवा आणि डेटटाइमओरिजिनलशी ताडून बघा.

व्हिडिओची तारीख सुधारताना एक खोच आहे. एमपी४ मध्ये मुख्य क्रिएटडेटखेरीज ट्रॅकची आणि मीडियाची अशा वेगळ्या तारखा असतात. ऑलडेट्स त्यांना हात लावत नाही. काही सॉफ्टवेअर नेमकी तीच वाचतात आणि मग ‘सुधारूनही जुनीच तारीख दिसते’ अशी तक्रार येते. ट्रॅकक्रिएटडेट आणि मीडियाक्रिएटडेट वेगळ्याने सरकवा. हँडीकॅमच्या एमटीएस फाईल आणि जुन्या एव्हीआय फाईल एक्झिफटूल फक्त वाचतं, त्यांत लिहीत नाही. त्यांच्यासाठी ‘ग्लोबलटाइमशिफ्ट’ वापरून वाचतानाच वेळ सरकवायची आणि ती नावात उतरवायची.

प्रत्येक बदलाबरोबर एक्झिफटूल मूळ फाईल ‘_ओरिजिनल’ असं शेपूट लावून शेजारी ठेवतं. हे चांगलंच आहे, पण चाळीस हजार फाईलींना डिस्क दुपटीने भरते आणि व्हिडिओंवर काम करताना मध्येच जागा संपते. वेगळी प्रत सुरक्षित असल्याची खात्री असेल तरच ‘ओव्हरराइट_ओरिजिनल’ द्या.

नाव कसं असावं

माझी शिफारस: वर्ष-महिना-दिवस, मग अंडरस्कोर, तास-मिनिट-सेकंद सलग, मग यंत्राची छोटी खूण आणि शेवटी मूळ अनुक्रमांक. उदाहरणार्थ ‘२०२४-०९-१७_२३२०१४_फोन२_०४५२’. वर्ष पुढे असल्यामुळे नावाप्रमाणे लावलं की काळाप्रमाणे आपोआप लागतं. ‘१७-०९-२०२४’ असं लिहिलं तर सगळ्या वर्षांच्या सतरा तारखा एकत्र येतील. वेळेत विसर्गासारखं टिंब-टिंब चिन्ह चालत नाही, विंडोज ते नावात घेतच नाही. आणि मूळ अनुक्रमांक टाकून देऊ नका. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतात म्हणून ते एकटे पुरत नाहीत, पण बर्स्टमध्ये (बटण दाबून ठेवून सलग काढताना) एका सेकंदात दहा फोटो पडले तर त्यांचा क्रम लावायला तेच कामी येतात. शिवाय फोटोग्राफरकडे मूळ फाईल मागायची वेळ आली तर तो आकडाच विचारला जातो. जुनं पूर्ण नाव ‘प्रिझर्व्ह्डफाइलनेम’ या एक्सएमपी (एक्झिफसारखीच माहिती ठेवायची दुसरी पद्धत) टॅगमध्येही लिहून ठेवा.

आज्ञा लिहिताना तारखेच्या साच्यात प्रत्येक खुणेआधी टक्के-चिन्ह येतं: मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष, छोटा एम महिना, छोटा डी दिवस, मोठा एच चोवीस तासी तास, मोठा एम मिनिट, मोठा एस सेकंद. इथे सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे छोट्या-मोठ्या एमची अदलाबदल. मग सप्टेंबरच्या जागी एकेचाळिसावा महिना येतो, आणि रात्री आठ वाजून नऊ मिनिटांत अख्खी मिरवणूक उरकते. दुसरी चूक अवतरणाची. ‘फाइलनेम’नंतर येणारं ‘पेक्षा लहान’ (<) हे चिन्ह विंडोजला ‘फाईलमधून वाच’ असं वाटतं, म्हणून तो पूर्ण तुकडा दुहेरी अवतरणात हवा. तिसरी: हीच आज्ञा बॅच फाईलमध्ये साठवली तर प्रत्येक टक्के-चिन्ह दोनदा लिहावं लागतं.

एकाच आज्ञेत अनेक स्रोत देता येतात. नावासाठी आधी क्रिएटडेट, मग डेटटाइमओरिजिनल, मग क्रिएशनडेट असं ओळीने लिहिलं तर जो सगळ्यांत शेवटी आणि उपलब्ध असेल तो जिंकतो. फोनच्या व्हिडिओंसाठी ‘क्विकटाइमयूटीसी’ हा एपीआय पर्याय जोडा, म्हणजे वेळ संगणकाच्या टाइमझोनमध्ये बदलून येते. संगणक भारतीय वेळेवर आहे ना, एवढं बघा. स्थानिक वेळ लिहिणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोल्डरवर हा पर्याय लावायचा नाही. वर्गवारी स्रोताप्रमाणे करायला सांगितली ती याचसाठी. आणि ‘काहीच नसेल तर फाइलमॉडिफायडेट घे’ ही सोय मात्र टाळा. ज्यांना तारीख नाही त्या फाईल जागेवरच राहू द्या. चुकीचं नाव मिळालेली फाईल चाळीस हजारांत पुन्हा सापडत नाही.

पहिल्यांदा चालवताना ‘फाइलनेम’ऐवजी ‘टेस्टनेम’ लिहा. प्रत्यक्षात काही बदलत नाही, फक्त कुठल्याचं काय होईल ती यादी पडद्यावर येते. ती यादी मजकूर-फाईलमध्ये वळवून साठवा. दोन फाईलींना एकच नाव येत असेल तर एक्झिफटूल आधीची पुसत नाही, ‘आधीच आहे’ म्हणून दुसरी तशीच ठेवतं. नावाच्या साच्यात प्रत-क्रमांकाची सीची खूण घातली तर उणे एक, उणे दोन असं जोडून पुढे जातं.

जोडीच्या फाईली जोडीनेच बदला. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाईल) आणि जेपीईजी, फोटो आणि त्याची एक्सएमपी, आयफोनच्या लाइव्ह फोटोचं हाइक चित्र आणि एमओव्ही, सोनी कॅमेऱ्याची क्लिप आणि तिची एक्सएमएल, ड्रोनचा व्हिडिओ आणि त्याची एसआरटी. यांच्या मूळ नावांची सुरुवात सारखी असते म्हणूनच सॉफ्टवेअरला नातं कळतं. एकाचं नाव बदललं की लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेलं सगळं काम त्या फोटोपासून तुटतं. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये आधीच असलेले फोटो बाहेरून अजिबात बदलू नका, तिथूनच नाव बदला. गोप्रोचं वेगळंच: ‘जीएक्स०१००४५’ आणि ‘जीएक्स०२००४५’ या एकाच रेकॉर्डिंगचे पहिला आणि दुसरा भाग आहेत. पहिले दोन आकडे भागाचे, शेवटचे चार रेकॉर्डिंगचे. नुसत्या नावाने लावलं तर सगळ्या रेकॉर्डिंगचे पहिले भाग आधी येतात. नव्या नावात रेकॉर्डिंगचा आकडा पुढे आणि भागाचा मागे घ्या.

व्हॉट्सॲपचा माल

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या फाईलचा एक्झिफ निघून जातो. अँड्रॉइडवर उरतं ते नाव: ‘आयएमजी-२०२४०९१७-डब्ल्यूए००३४’. यातली तारीख ती फाईल त्या फोनवर आली किंवा तिथून गेली तो दिवस, आणि डब्ल्यूएनंतरचा आकडा हा येण्याचा क्रम. फोटो कधी काढला ते त्यात नाहीच. मिरवणुकीचे फोटो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकले तर ते १८ तारखेचेच होतात. यांना खोटी वेळ देऊ नका. ‘००००००’ लिहिलं तर ते दिवसाच्या आरंभी, पूजेच्याही आधी जाऊन बसतात. ‘२०२४-०९-१७_डब्ल्यूए००३४’ एवढंच ठेवा. क्रमवारीत आकडे अक्षरांच्या आधी येतात, त्यामुळे हे फोटो त्या दिवसाच्या शेवटी एकत्र सापडतात आणि बघताक्षणी कळतं की यांची वेळ माहीत नाही. फोटो महत्त्वाचा असेल तर ज्याने काढला त्याला गाठा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. तसं पाठवलं की मूळ आकार आणि मूळ तारीख दोन्ही येतात.

गुगल फोटोजमधून टेकआउटने (गुगलची सगळा डेटा उतरवून देणारी सोय) उतरवलेल्या फाईलींसोबत जेसन फाईल येते. तिच्यातली ‘फोटोटेकनटाइम’ ही १९७० पासूनच्या सेकंदांत आणि यूटीसीत असते. एडिट केलेल्या रील्सना निर्यात केल्याचा दिवस चिकटतो, त्यांचं वेगळं फोल्डर बरं. जुन्या कृष्णधवल फोटोंचे स्कॅन असतील तर डेटटाइमओरिजिनल हाताने भरा. दिवस माहीत नसेल तर फाईलच्या नावात ‘१९७८-००-००’ चालतं, पण एक्झिफच्या टॅगमध्ये शून्य महिना टाकू नका. तिथे वर्णनात ‘१९७८ च्या सुमारास’ लिहा.

फोल्डरचा प्रश्न उरला. वर्षाचं एक आणि त्यात ‘२०२४-०९-१७_विसर्जन’सारखं प्रसंगाचं एक, एवढे दोनच थर पुरतात. पण आपल्याकडची मिरवणूक रात्री बाराला संपत नाही. १८ तारखेच्या पहाटे दोनचा फोटो कॅलेंडरने दुसऱ्या दिवसाचा असला तरी तो त्याच मिरवणुकीचा. नावात खरी वेळ राहू द्या, फोल्डर ठरवताना मात्र दिवस सहा तास मागे सरकवा. म्हणजे दोन फेऱ्या: पहिल्या फेरीत खऱ्या वेळेने नाव, दुसऱ्या फेरीत ग्लोबलटाइमशिफ्ट उणे ६ लावून फक्त डिरेक्टरी. सकाळी सहापर्यंतचं सगळं आदल्या दिवसात जातं. विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं असेल तर तेवढ्या फाईल हाताने हलवा. त्यासाठी नियम ताणलात तर इतर दिवसांच्या सकाळच्या आरत्या आदल्या दिवशी जातील.

सगळं झाल्यावर फाईलींची एकूण संख्या आधीच्या यादीशी जुळवा आणि प्रत्येक वर्षातली एक मिरवणूक पहिल्यापासून शेवटपर्यंत भराभर फिरवून बघा. मिरजकर तिकटी, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश हा क्रम मागे-पुढे उडी मारत असेल, तर जे यंत्र उडी मारतंय त्याचं घड्याळ अजून जुळलेलं नाही. मग दोन प्रती करा आणि त्यातली एक तालमीत ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाडा आणि शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या भागांत पाणी घरांत शिरलं होतं. दुसरी प्रत पंचगंगेच्या आणि जयंती नाल्याच्या पूररेषेपासून लांब, उंचावरच्या घरी असू द्या. जुन्या-नव्या नावांची सीएसव्ही यादी दोन्ही डिस्कवर आणि कुणाच्या तरी ईमेलमध्येही टाकून ठेवा.